ढग काढून टाकलेला समुद्र

मी समुद्राचा ताप मोजते, आणि तोही सांगलीत बसून. हे सांगितलं की माणसं हसतात. हसू देत बापडी. सांगलीत समुद्र नाही एवढं भूगोलात मलाही शिकवलं होतं. तर काम असं आहे: उपग्रह वरून जाता जाता समुद्राच्या पाण्यातून निघणारी उष्णता टिपतो, ते आकडे आमच्याकडे येतात, आणि आम्ही चार-पाच माणसं एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून त्यातला कचरा काढतो आणि रंगीत नकाशे करतो. लाल म्हणजे तापलेलं पाणी, निळं म्हणजे गार. पांढरं म्हणजे ढग आडवे आले, खालचं काही दिसलं नाही.

कचरा म्हणजे मुख्यतः ढगच. उपग्रहाला कळतं ते फक्त पाण्याच्या वरच्या कातडीचं, केसाहूनही पातळ अशा थराचं. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं ते आहे, आणि मध्ये ढग आला की हात कपाळावर न पडता गोधडीवर पडतो. दाट ढग ओळखू येतो, तो आम्ही पांढरा करून टाकतो. पण विरळ ढग आणि ढगाच्या कडा लबाड असतात. ढग वर थंड असतो. यंत्राला तो थंडावा समुद्राचा वाटतो आणि नकाशावर निळा डाग पडतो. खाली समुद्र रटरटत असला तरी वर निळं. हे निळे डाग शोधून काढायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर जो घाईघाईचा पहिला नकाशा सगळ्यांना बघायला मिळतो, त्यात ते तसेच असतात. या एवढ्याशा गोष्टीवर मी इतकं बोलतेय, कारण याच गोष्टीनं आमचं घर बसलं.

आमचं घर माण तालुक्यातलं, मेंढपाळाचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कराड, पाटण करत कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं, हे आज्यापणज्यापासून चालत आलेलं. मला पाचवीपासून कराडच्या वसतिगृहात ठेवलं होतं. मेंढरं कराडवरून जायची त्या दिवशी आई दाराशी यायची, माझी वेणी घालायची आणि जायची. एकदा मी तिला विचारलं, समुद्र कसा असतो गं? ती म्हणाली, "मिठाचा. जितराबाला पाजायच्या कामाचा न्हाई." एवढंच. दर वर्षी त्याच्या काठापर्यंत जाणाऱ्या बाईला त्याबद्दल याहून जास्त काही सांगावंसं वाटलं नाही.

आई-वडील गेल्यावर मेंढरं दादाकडं आली. दादा माझ्याहून मोठा, चौथीत शाळा सोडलेला. माझ्या नोकरीची त्यानं मनसोक्त टिंगल केली. "प्यायच्या उपेगाचं न्हाई त्या पाण्याचा ताप बघायला तुला पगार देत्यात? मग आमच्या बोकडाचाबी ताप बघ की येऊन." पण एका दिवाळीत मी त्याला त्याच्या मोबाइलवर तो नकाशा उघडून दाखवला आणि गडी त्याच्यावर लुब्ध झाला. रोज संध्याकाळी फोन. "आज कोकणाकडं लय लाल हाय गं." "त्यो गोव्याच्या अंगाला निळा पट्टा कशाचा?" खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. मी दिवसभर काय करते हे आमच्या साहेबांनीही कधी इतक्या आवडीनं विचारलेलं नाही.

त्याला मी सगळं सांगितलं होतं. समुद्र तापला की वादळाला खाद्य मिळतं, अवकाळी पाऊस येतो, हे सांगितलं. हा अंदाज नव्हे, हा नुसता ताप आहे, हेही सांगितलं. आणि पहिल्या नकाशातल्या निळ्यावर जाऊ नको, तो ढग असू शकतो, हे तर कानीकपाळी ओरडून सांगितलं. तो व्हय व्हय म्हणायचा.

पण आमच्या लोकांचं एक आहे. उद्याचं सांगणारी कुठलीही वस्तू हाती आली की ते तिचा कौल करून टाकतात. मेंढरं घेऊन जी सात-आठ कुटुंबं एकत्र फिरतात त्यांना आमच्यात वाडा म्हणतात आणि वाड्याच्या म्होरक्याला कारभारी. आमचे कारभारी म्हणजे नात्यानं आमचे चुलते, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. मुक्काम हलवायचा, लोकर कातरायची, घाट उतरायचा, काही करायचं झालं की ते देवाचा दगड धुऊन ओला करतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवतात. उजवं फूल आधी पडलं तर करायचं. डावं पडलं तर थांबायचं. दादानं त्या दगडाशेजारी मोबाइल ठेवायला सुरुवात केली. निळा म्हणजे उजवा, लाल म्हणजे डावा. मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, ते शास्त्र आहे, त्याचा अंगारा काय करतोस?"

"तुला काय तरास हुतोय? हिकडनं देवानं सांगितलं आन् तिकडनं सॅटेलाइटनं, म्हंजी पक्कं झालं न्हवं?"

"आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर?"

"तवाचं तवा बघू," असं म्हणून तो हसला होता.

त्या वर्षी पाऊस दिवाळी ओलांडून गेला. एरवी मेंढरं दिवाळीच्या आधी कातरून मोकळी होतात, पण ओल्या लोकरीत कातर चालत नाही, म्हणून ते काम राहून गेलं. लोकर तशीच ठेवून कोकणात उतरायचं तर तिथल्या दमट हवेत गोचिडी होतात, जनावर खंगतं. आणि कातरायचं तर पुढं काही दिवस कोरडं हवं, कारण कातरलेलं मेंढरू म्हणजे थंडीत अंघोळ करून उघडं उभं राहिलेलं पोर. वाडा तेव्हा कराडच्या पलीकडं, पाटणच्या रस्त्याला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात लेंडीखतासाठी बसला होता. कातरायला आसपासच्या वाड्यांतली आपलीच माणसं येतात; आज आमच्याकडं, उद्या तुमच्याकडं. त्यांना निरोप गेले, दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी कारभाऱ्यांनी दगड धुतला, फुलं लावली. डावं पडलं. आणि मोबाइलवर कोकणाकडचा सगळा समुद्र निळाशार. हे मला दादानंच फोन करून सांगितलं, मी नुकतीच ऑफिसात येऊन बसले होते. मी समोर कच्चे आकडे उघडले. इतके खालचे आकडे की अरबी समुद्रात ते शक्यच नाहीत. एवढा गार समुद्र असेल तर रत्नागिरीला लोकांनी लोकरी टोप्या घालाव्यात.

"दादा, हे पाणी नाही. ढग आहेत. ही विरळ कडा आहे, मागून मोठा ढग येतोय आणि खालचा समुद्र तापलेला आहे. आज कातरू नको."

"अगं पर निळा दिसतोय की."

"म्हणूनच सांगतेय! बातम्यांतसुद्धा पावसाचा इशारा आहे."

"ते रोजच सांगत्यात." मग म्हणाला, "हे बघ, तू मानूस हायस, तुझी चूक हुईल. सॅटेलाइटची कशी हुईल? आन् चित्र तर तुमीच काढताय."

आता याला काय म्हणावं? माझ्याच कामावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. मी ओरडले, अक्षरशः ओरडले, शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली. मी म्हटलं, दोन दिवस थांब, देवाची शपथ आहे तुला. तो म्हणाला, "कातरायला मान्सं आल्यात गं, चुलीवर च्या ठेवलाय. रिकामी कशी लावू माघारी?" मागून वहिनीचा आवाज येत होता, ती कपबशा मागत होती. मग फोन बंद झाला.

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आला. सांगलीतही आला. भर थंडीतला, वाऱ्याचा, आडवा पाऊस. मी ऑफिसच्या खिडकीत उभी राहून बघत होते आणि फोन लावत होते, लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी दिवस उजाडताना वहिनीचा आला. "वन्सं, या," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी मिळेल ती एसटी पकडली. इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, रस्त्यावर चिखल, गाडी मुंगीच्या पावलानं. कंडक्टर म्हणाला, "आवं ताई, किती येळा घड्याळ बघताय, बघून गाडी पळंल व्हय?" त्याचं चुकलं नव्हतं. कराडला उतरून वडाप जीप केली आणि रानापाशी पोचले तेव्हा पाऊस भुरभुर चालूच होता.

कातरलेलं मेंढरू मेल्यावर किती लहान दिसतं हे मला माहीत नव्हतं. गुलाबी, सुरकुतलेली कातडी, आणि त्यावर कातरीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खुणा. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, एका कोपऱ्यात ती उबेला एकमेकांवर चढली होती. खालची गुदमरून गेली, वरची गारठून. दादा ढिगातून एकेक ओढून काढत होता आणि पोत्यानं चोळत होता, मेलेलीसुद्धा. वहिनीनं पाचट पेटवायचा प्रयत्न केला होता. ते ओलं, नुसता धूर. तिनं लुगड्याच्या ओच्यात दोन कोकरं घेतली होती आणि ती त्यांना गोंजारत होती. मी जवळ जाऊन बघितलं. एक जिवंत होतं. शेतकरी भला माणूस, त्यानं गोठा मोकळा करून दिला, जी पायावर उभी राहतील ती तिकडं नेली. उभी राहणारीच थोडी होती.

आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला कारभाऱ्यांची मेंढरं उभी होती. भिजलेली, लोकरीतून पाणी गळणारी, पण धडधाकट. कारभाऱ्यांनी कातरली नव्हती. डावं फूल पडलं म्हणून त्यांनी आपल्यापुरता हात आखडता घेतला, बाकीच्यांना बोलले नाहीत. बोलले असते तरी त्या दिवशी कुणी ऐकलं नसतं, सगळे मोबाइलभोवती होते.

मग काय विचारता! कराडपासून चिपळूणपर्यंत जेवढे वाडे होते तेवढ्यांत बातमी गेली. देवानं सांगितलं होतं, आणि यांनी यंत्राचं ऐकलं. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच बोलायचा, मला ऐकू जाईल असं. "शिकल्याली मान्सं घरात असली की असंच हुतंय." अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली! ओल्या दगडावरचं फूल आहे ते; कधी उजवं पडतं, कधी डावं. त्याच दगडानं आधीच्या वर्षी पाऊस येणार म्हणून वाडा अडवून धरला होता, तेव्हा थेंब पडला नव्हता, ते कुणाच्या लक्षात नाही. आणि दगडानं नको म्हटलं तसं मीही नको म्हटलं होतं! आकडे बघून, कारण सांगून, घसा फोडून. दगडाला नारळ फुटले. मला काय? मला एका म्हातारीनं विचारलं, "बाई, तूच न्हवं का ती, त्या निळ्यावाली?"

मी कुणाशी भांडले नाही. कुणाशी भांडणार? जेसीबी आला, खड्डा काढला, मीठ आणि चुना टाकून मेंढरं पुरली. दादा खड्ड्याच्या काठावर उभा होता. सगळं झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू नगं म्हनाली हुतीस."

मी म्हटलं, "जाऊ दे."

"जाऊ दे कसं? तू नगं म्हनाली हुतीस," तो परत म्हणाला. आणि रडायला लागला. माझ्या आयुष्यात मी दादाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो बाजूला सरकला.

कातरायची पहिली पाळी दादाची होती, बाकीच्यांची थोडीच कातरून झाली होती; त्यांचं निभावलं आणि वाडा पुढं कोकणात गेला. दादा गेला नाही. दीडएकशे मेंढरांतली वीस-बावीस उरली होती, तेवढ्यावर घाट कोण उतरतो? ती घेऊन तो माणला परत गेला आणि पडून राहिला. वहिनी फोनवर सांगायची, जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. मोबाइल त्यानं पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं होतं. संध्याकाळचा फोन बंद झाला. मी त्या वेळेला रिकामी बसायची आणि चिडचिड करायची, घरातल्यांवर, भांड्यांवर.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस तो न सांगता सांगलीत उगवला. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी, आमच्या झेरॉक्सच्या जिन्यावर. "मला ती जागा दाव," म्हणाला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. साहेब वाईट माणूस नाही. माझा भाऊ मेंढपाळ आहे म्हटल्यावर ते खुलून सगळं समजावायला लागले. आमच्याकडं आता नकाशावर लाल रंग पुरत नाही म्हणून वर आणखी एक गडद रंग जोडला आहे, तो त्यांनी दाखवला. दादा शांतपणे ऐकत होता.

मग दादा मला म्हणाला, "त्या दिवसाचं काड."

मी काढलं. पण आता तो आमचा पक्का नकाशा होता, साफ केलेला. ढग काढले की नकाशात भोकं पडतात. ती भोकं आम्ही आजूबाजूच्या दिवसांवरून, दुसऱ्या उपग्रहांच्या जाड्याभरड्या आकड्यांवरून, अंदाजानं भरतो. भरल्यावर सांधा दिसतसुद्धा नाही. पडद्यावर समुद्र आला तो एकसारखा तांबडा, स्वच्छ, कुठं निळा ठिपका नाही, पांढरा नाही. साहेब कौतुकानं म्हणाले, "बघा, एक ढग शिल्लक नाही."

दादानं पडद्याला बोट लावलं. कोकणाच्या किनाऱ्यावर, मग घाटावर, जिथं वाडा बसला होता तिथं. जमिनीचा भाग आम्ही करडा ठेवतो, तिथं काहीच नसतं.

"पाऊस कुठं हाय?"

"काढून टाकलाय, दादा. आम्हाला फक्त पाणी किती तापलं ते हवं असतं."

"म्हंजी ह्येच्यात त्यो दिवस चांगलाच गेला म्हनायचा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. साहेब उठून फोन करायला बाहेर गेले. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तीन दिवसांनी आम्हाला सगळं बरोबर कळतं. वर्षानं तर आणखीच बरोबर कळतं. मी इतकी वर्षं हे काम केलं, समुद्र दर सालाला थोडा थोडा लाल होताना बघितला. पण माझ्या मोजण्यानं त्याचा ताप कणभर उतरला नाही, आणि एक मेंढरू वाचलं नाही. सख्ख्या भावाचंसुद्धा नाही.

चहा गार झाला होता. दादानं तो तसाच एका घोटात संपवला आणि विचारलं, "आता कसा हाय?"

"काय?"

"समुद्र गं. आजचा."

मी आजचा काढला. खोटं बोलावं असं मनात आलं. एकदाच, थोडंसं, निळ्याच्या बाजूचं. पण ज्या माणसाला मी लाल-निळं शिकवलं त्याच्यासमोर पडदाच उघडा होता.

"गेल्या साली या दिवसांत होता त्याहून जास्त तापलाय," मी म्हटलं.

"पुढल्या साली?"

"उतरेल असं वाटत नाही, दादा. एखादं साल जरा उतरेल, पण पुन्हा चढेल."

त्यानं मान हलवली. घोंगडी खांद्यावर सारखी केली. "बरं. मग ऱ्हायल्यात ती इकून टाकतो."

थांब म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणू? एकदा मी थांब म्हटलं तेव्हा त्यानं ऐकलं नाही आणि सगळं गेलं. आता त्यानं विचारलं तेवढंच मी सांगितलं आणि त्यानं शब्दन् शब्द खरा मानला. त्याला स्टँडवर सोडायला गेले. लोणंदच्या बाजारात मेंढरांना गिऱ्हाईक बरं असतं, तिकडंच नेईन म्हणाला. एसटी सुटेपर्यंत आम्ही पावसाचं, समुद्राचं काही बोललो नाही. तो माझ्या पोरांच्या परीक्षेची चौकशी करत होता.

बाजार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, पहाटे सवयीनं जाग आली, वाघरीकडं गेले, तर वाघर गुंडाळून ठेवलेली. परत येऊन चूल पेटवली. अंगण झाडलं. मग परत झाडलं. हे अजून आडवेच आहेत, कशाला उठवू?

"आन् आता उजाडलंय, वन्सं," ती म्हणाली, "तर म्या करू काय, ते सांगा."